गौतमचंदांनी जुळवलेले मासे

जळगावच्या दाणाबाजारात गौतमचंद बरडियांचं तूरडाळीचं दुकान होतं. पण डाळीकरता त्यांचं नाव कुणी काढत नसे. डाळ बाजारात कुठेही मिळायची. गौतमचंदांकडे मिळायची ती स्थळं. फैजपूरपासून धुळ्यापर्यंत कुठल्या ओसवाल जैन घरात मुलगी किती वर्षांची झाली, कुठल्या मुलाच्या आजोळचं गोत कोणतं, कुणाच्या घरात एक चूल आहे आणि कुणाकडे भावाभावांत दोन झाल्या आहेत, हे सगळं त्यांना तोंडपाठ. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत त्यांनी चाळीस लग्नं जुळवली होती आणि त्यांतलं एकही मोडलं नव्हतं. मोडलं नव्हतं म्हणजे सगळी सुखात होती असं मात्र नाही. पहूरच्या एका जोडप्यात अकरा वर्षं बोलणं नव्हतं. पण त्यावर गौतमचंदांचं म्हणणं असं, की "भांडत तर नाहीत ना?"

त्यांची पारख ताटावर चालायची. मुलगा पाहायला गेले की ते त्याला शिक्षण विचारत नसत, धंदा विचारत नसत. त्याला जेवायला बसवत आणि समोर बसून बघत. जो सावकाश हलतो, खाली बघतो, आग्रहाने वाढलेलं निमूट खातो आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, तो मुलगा सोन्याचा. फार बोलणारा मुलगा त्यांनी कधी कुणाला सुचवला नाही. स्वतः ते दिवसभर बोलत, पण स्वतःचं स्थळ त्यांना जुळवायचं नव्हतं, तेव्हा तो प्रश्न आला नाही.

एकोणीसशे एकोणसत्तर साली एकेचाळिसावं लग्न घरातलंच निघालं. त्यांची एकुलती मुलगी राजकुंवर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. धुळ्याचे सरकी तेलाचे व्यापारी प्रकाशचंद यांचा मुलगा निर्मलकुमार याचं स्थळ गौतमचंदांनी स्वतः हेरून ठेवलं होतं. पर्युषणाचे उपासाचे दिवस संपले की होकार कळवायचा, असं दोन्ही बापांत ठरलं होतं. मुलीचं त्या घरात कसं होईल याचा घोर बापाच्या पोटात होताच. पण त्याहून मोठा घोर असा, की चाळीस लोकांच्या मुली चांगल्या घरी पडल्या आणि आपलीच चुकली तर दाणाबाजारात तोंड कुठे दाखवायचं.

आता या सगळ्यात मासे कुठून आले, तर मुंबईहून. चाळिसावं लग्न पक्कं करायला गौतमचंद माघात तिकडे गेले होते. काम झाल्यावर मुलाकडच्यांनी त्यांना मत्स्यालय दाखवायला नेलं. बाकी मंडळी सगळं बघून भेळ खाऊन आली तरी गौतमचंद एका काचेच्या टाकीसमोरून हलेनात. आत समुद्रातला खडक, खडकावर दगडी फुलं, आणि त्यांतून केशरी, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे एकमेकांना वाट देत फिरत होते. इतक्या जातींची मंडळी एका खोलीत, आणि भांडण नाही! हे जुळवलं कुणी? आचारी दुसऱ्याच्या पंगतीत जेवायला बसावा आणि कढी अप्रतिम निघावी, तसे ते अस्वस्थ झाले. गाडीत बसेपर्यंत त्यांचं ठरलं होतं, की असं एक घर आपण जळगावात वसवायचं.

घरी सुताराकडून सागाच्या चौकटीत चार फुटी टाकी झाली. मुंबईच्या एका मासे विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं होतं, की समुद्राच्या माशांना पाणीही समुद्राचंच लागतं. जळगावात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे समुद्र कुठून आणायचा? तो आणला लोटनने. लोटन पारोळ्याकडचा, फैजपूरची केळी ट्रकमधून मुंबईला न्यायचा आणि येताना रिकामा यायचा. गौतमचंदांनी त्याला तेजाबाच्या मोठ्या काचेच्या बरण्या स्वच्छ धुऊन दिल्या. तो त्या भरून घेऊन आला.

"शेठ, बठ्ठा ड्रायव्हर मले हासतस," तो बरण्या उतरवताना म्हणाला. "लोके मुंबईथून कपडा लयतस, घड्याळ लयतस. मी खारं पानी लयनू."

पाणी टाकीत ओतणार, तोच गौतमचंदांची बायको पानबाई दारात उभी राहिली. हातात दुहेरी गाळणं.

"न गाळलेलं पाणी माझ्या घरात ओतायचं नाही," ती म्हणाली.

तिचं बरोबरच होतं. त्यांच्या घरात पाण्याचा थेंब गाळल्याशिवाय वापरत नसत. गाळण्यात जे बारीक जीव राहतात ते फेकायचे नसतात; गाळणं उलटं करून थोड्या पाण्याने ते लोट्यात उतरवायचे आणि ते पाणी जिथून आणलं तिथेच नेऊन सोडायचं, म्हणजे त्या जिवांना त्यांचं घर परत मिळतं. याला त्यांच्यात जिवाणी म्हणत. विहिरीचं पाणी असेल तर जिवाणी विहिरीत, नदीचं असेल तर नदीत. हे पाणी होतं अरबी समुद्राचं.

गौतमचंदांनी लोट्याकडे पाहिलं, लोटनकडे पाहिलं.

"भाबी," लोटन म्हणाला, "एक लोटा पानी कमी व्हयनं तर समिंदर आटाव नही."

"प्रश्न समुद्राचा नाही," पानबाई म्हणाली. "जिवांचा आहे."

तेव्हापासून दर पंधरवड्याला केळीच्या घडांवर एक झाकण लावलेला पितळी लोटा मुंबईला जाऊ लागला. वाटेत गिरणेच्या पुलावर लोटन तो रिकामा करत असणार, असा पानबाईला संशय होता. ठाण्याची खाडीही तिला चालणार नव्हती. मग लोटन पुरावा म्हणून प्रत्येक खेपेला किनाऱ्यावरचा एकेक शिंपला आणून देऊ लागला. पानबाई तो उजेडात धरून तपासायची आणि डब्यात टाकायची. माणसावर विश्वास ठेवावा, पण शिंपला बघून.

मग मासे निवडायला गौतमचंद मुंबईला गेले. दुकानदार त्यांना भाव सांगू लागला, तर हे विचारतात, "याचा स्वभाव कसा? खातो काय? घरातली माणसं किती?" दुकानदाराने तीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. गौतमचंदांनी तीन तास उभं राहून सहा मासे निवडले. दोन केशरी, अंगावर पांढरे पट्टे, सदा एकमेकांना चिकटून. त्यांना संसारी जोडपं म्हणून घेतलं. एक राखी, चपटा, पाला खाणारा; तो शाकाहारी म्हणून घेतला. आणि तीन निळे, बोटाच्या पेराएवढे; गरीब घरची पोरं, कुणाला त्रास देणार नाहीत म्हणून.

"शेठ, ये छोटेवाले बहुत लडते हैं," दुकानदार म्हणाला.

"एवढेसे? कुणाशी लढणार?" म्हणून गौतमचंदांनी त्याला गप्प केलं.

ते सगळ्यांशी लढले. टाकीत पडल्या दिवसापासून त्या तीन पेराएवढ्या निळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. राखीच्या शेपटीला चावत, केशरी जोडप्याला खडकाबाहेर पडू देत नसत, आणि बाकी कुणी सापडलं नाही तर आपसात जुंपत. गौतमचंदांनी आपले सगळे उपाय केले. खडक हलवून निळ्यांना वेगळं बिऱ्हाड करून दिलं. त्यांना आधी खायला घालून पाहिलं, मग शेवटी घालून पाहिलं. काचेशी तोंड नेऊन त्यांना समजावून सांगितलं, हे मात्र त्यांनी पुढे कबूल केलं नाही.

खरी मेहनत राजकुंवरची होती. ती कणकेच्या बारीक गोळ्या करून घालायची, पाला चिरायची, काच पुसायची. उन्हाळ्यात टाकीभोवती वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडायची, आणि घरातली म्हातारी माणसं पदराने वारा घेत तिच्याकडे बघत बसायची. पाण्यात हवा सोडणारं विजेचं यंत्र होतं. दीपनगरचं वीजघर नुकतंच सुरू झालं होतं, पण म्हणून जळगावची वीज जायची थांबली नव्हती. वीज गेली की राजकुंवर सायकलचा पंप नळीला जोडून हाताने हवा मारायची, कधी कधी तासभर. केशरी जोडप्यातली धाकटी तिच्या बोटापाशी यायची. तिच्यावर राजकुंवरचा फार जीव होता.

आषाढात गौतमचंदांना उलगडा झाला. "या घरात वडीलधारं माणूस नाही," ते पानबाईला म्हणाले. "सगळी पोरंसोरं. एक शांत म्हातारा आणून बसवला की आपोआप वचक राहील." एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला याहून सरळ गोष्ट सुचली नसती. ते पुन्हा मुंबईला गेले, आणि दुकानाच्या कोपऱ्यातल्या टाकीत त्यांना तो दिसला. तांबडे-पांढरे पट्टे, वीतभर अंग, आणि दोन्ही बाजूंना पसरलेले लांब लांब पर, उपरणं पांघरल्यासारखे. हलायचा म्हणजे तरंगायचा. बघायचा म्हणजे खाली. अर्ध्या तासात त्याने तोंड उघडलं नाही.

"इसको अकेला रखना, शेठ. और हाथ मत लगाना, काँटे जहरी हैं."

एकांतात राहणारा, आणि ज्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही असा! गौतमचंदांना आणखी काय पाहिजे होतं? दुकानदार आणखी काही सांगत होता, पण यांनी पैसे दिले आणि बरणी उचलली.

त्याचं नाव आबा पडलं. आणि काय सांगावं, आबा आल्याच्या चौथ्या दिवसापासून टाकीतली भांडणं कमी झाली. आठ-दहा दिवसांत तर इतकी शांतता, की शेजारपाजारचे बघायला येऊ लागले. निळ्यांतला एक दिसेनासा झाला होता, ते खरं. "उडी मारून बाहेर पडला असेल, मांजराने नेला," गौतमचंद हळहळले आणि टाकीवर जाळी बसवली. नंतर दुसराही दिसेना. तो खडकाच्या फटीत राहत असेल असं ठरलं. घरात एकदा शांतता नांदू लागली, की ती कशाने नांदतेय हे कुणी फारसं खोदून बघत नाही.

आबाचं आणखी एक होतं. तो कणकेच्या गोळीला शिवत नसे. सकाळी नाही, दुपारी नाही. समोरून गोळी खाली गेली तरी ढळत नसे. पानबाई सूर्यास्ताआधी जेवून तोंड धुऊन घेणारी बाई. तिला त्याचं भारी कौतुक वाटू लागलं. पुढे पर्युषण आलं, घरोघर उपास सुरू झाले, आणि गल्लीतल्या बायका आपल्या नातवंडांना आणून दाखवू लागल्या: बघा, मासा असून खात नाही, आणि तुम्हाला दुपारपर्यंत धीर निघत नाही!

"बाबूजी," राजकुंवर एकदा म्हणाली, "हा काही खात नाही, तर मग जाड कसा होतोय?"

"उपासाने अंगावर तेज येतं," गौतमचंद म्हणाले.

धुळ्याची मंडळी पहिल्यांदा आली होती ती पर्युषणाच्या आधी, श्रावणात. निर्मलकुमार उंच, सावळा, चष्मेवाला. त्याला बरोबर टाकीसमोर बसवलं होतं. दोन तासांत तो एवढंच बोलला: "नमस्कार", "हो", आणि वाढताना दोन वेळा "बस". ते "बस"ही इतकं हळू, की पानबाईने तेवढ्यात पाकातला गोड घेवर वाढून टाकला. तो निमूट खाल्ला. मधे वीज गेली, राजकुंवर उठून पंप मारू लागली, तेव्हा त्याने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली. गौतमचंद हरखून गेले. मंडळी गेल्यावर म्हणाले, "हुबेहूब आबा!"

"ते बोलतच नाहीत, बाबूजी," राजकुंवर म्हणाली.

"बोलणारे नवरे काय करतात ते तुझ्या आईला विचार," असं ते बोलून गेले. पानबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ताटं उचलली.

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, झाली आणि त्यानंतर पाचव्या दिवशी धुळेकर होकार घ्यायला आले. टिळा लावायचा, नारळ द्यायचा, एवढंच उरलं होतं. राजकुंवरने आदल्या दिवशी आईपाशी "मला अजून कळत नाही" एवढं म्हटलं होतं. पण न कळण्याला नकार म्हणायची रीत त्यांच्यात नव्हती. उजेड असतानाच जेवणं उरकली आणि सगळे बैठकीत येऊन बसले. बाहेर ऊन उतरलं. टाकीत त्या दिवशी आबा, राखी आणि केशरी जोडप्यातली धाकटी, एवढेच दिसत होते.

गौतमचंद रंगात आले होते. टाकीकडे पाठ करून, हात पसरून ते प्रकाशचंदांना सांगत होते, "घरात एक शांत माणूस असला की सगळं घर शांत. हा बघा आमचा आबा. कुणाला एक शब्द बोलला नाही, पण याच्या नुसत्या असण्याने—"

प्रकाशचंदांचे डोळे मोठे झाले. गौतमचंदांना वाटलं, आपलं बोलणं पटतंय.

दिवसभर दगडासारखा बसलेला आबा खडकावरून सुटला होता. त्याने आपले लांब पर पसरले आणि केशरी धाकटीला अलगद कोपऱ्यात घेतली, अगदी मायेने घ्यावी तशी. मग त्याने तोंड उघडलं. ते तोंड एवढं मोठं असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. धाकटी होती आणि नव्हती, एवढ्याच वेळात काम झालं. क्षणभर केशरी शेपटीचं टोक बाहेर दिसलं, मग तेही आत गेलं, आणि आबाने पुन्हा खाली बघायला सुरुवात केली.

राजकुंवर किंचाळली. पानबाईने पदर तोंडाला लावला. "माझ्या घरात!" ती म्हणाली. "पर्युषण होऊन पाच दिवस नाही झाले, आणि माझ्या घरात!" प्रकाशचंद डोळे मिटून "अरिहंत, अरिहंत" म्हणत होते. गौतमचंद एकदा आबाकडे, एकदा पाहुण्यांकडे बघत होते. त्यांच्या तोंडून शब्द निघेना, आणि ही गोष्ट त्या घरात पहिल्यांदा घडत होती.

त्या शांततेत निर्मलकुमार हळूच म्हणाला, "गिळण्याजोगा तेवढाच राहिला होता."

सगळ्या माना वळल्या.

"म्हणजे?" राजकुंवरने विचारलं. खरं तर तिने बोलायचं नसतं.

"मागच्या वेळी आलो तेव्हा दोन केशरी होते, एक निळा होता. हा मासा संध्याकाळी शिकार करतो. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या पुस्तकात चित्र होतं."

"तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

निर्मलकुमारने बापाकडे पाहिलं, मग गौतमचंदांकडे. "मोठी माणसं बोलत होती," तो म्हणाला.

राजकुंवर उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबूजी, मला हे स्थळ नको," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "माशाने खाल्लं, ते त्याचं अन्न. यांना माहीत होतं, आणि हे घेवर खात बसले."

प्रकाशचंद ताठ झाले. चाळीस लग्नं गौतमचंदांच्या डोळ्यांपुढून सरकली. दोन शब्दांत सावरता आलं असतं. पोर आहे, घाबरली, उद्या बोलू, हे शब्द त्यांनी दुसऱ्यांच्या घरात कितीदा वापरले होते. ते त्यांच्या जिभेवर आलेही. पण त्यांची नजर मुलीच्या हातांकडे गेली. पंप मारून मारून तळव्यांना घट्टे पडले होते, आणि ते त्यांनी आज पाहिले.

"प्रकाशचंदजी," ते म्हणाले, "मुलगी नाही म्हणते."

धुळेकर नारळ न घेता गेले. पानबाईने तीन दिवसांचा उपास धरला, आणि तिच्याबरोबर गौतमचंदांनीही. खाण्यात जीव असलेल्या त्या माणसाला तिसऱ्या दिवशी आबाच्या तपश्चर्येचा फार राग आला. माशाला मारता येत नाही, ठेवता येत नाही. शेवटी आबा आणि राखी दोघांना वेगवेगळ्या बरण्यांत घालून लोटनच्या हवाली केलं.

"याले कोठे सोडू, शेठ?"

"जिथे याच्याशी कुणाची सोयरीक नसेल तिथे," गौतमचंद म्हणाले.

बातमी दाणाबाजारात पसरायला वेळ लागला नाही. जुळवलेल्या चाळीसही घरांतून चौकशा आल्या. आपली जोडी जुळवली ती याच नजरेने का, असा प्रश्न पडून काहींनी एकमेकांकडे नीट पाहून घेतलं. पहूरचं जोडपं तर अकरा वर्षांनी पहिल्यांदा बोललं म्हणे, आणि विषय होता गौतमचंदांचा मासा. गौतमचंदांनी दुकानात मान खाली घालून डाळ जोखायला सुरुवात केली. कुणी स्थळ विचारायला आलं तर म्हणत, "तूर बघा, या वर्षी चांगली आहे."

आठवड्याने धुळ्याहून क्षमापनेचं कार्ड आलं. संवत्सरीनंतर सगळेच एकमेकांना अशी छापील कार्डं पाठवत. वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा असावी, खाली घराण्याचं नाव. कुणी ती वाचत नसे. पण याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत शाईने लिहिलेलं होतं आणि वर, "गौतमचंदजींनी परवानगी दिल्यास राजकुंवर यांना वाचण्यास द्यावे." खाली सही निर्मलकुमारची.

गौतमचंदांनी आधी स्वतः वाचलं. बाप होता, वाचणारच.

अजाणता केलेल्या चुका मला आठवणार नाहीत, असं त्याने लिहिलं होतं, म्हणून जाणून केलेल्या लिहितो. माशाचं माहीत असून बोललो नाही. मला घेवर आवडत नाही, तरी दोन्ही वेळा मिळून सात खाल्ले आणि एस.टी.त त्रास झाला. तुमच्या बैठकीतलं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे, त्यामुळे आमची धुळ्याची गाडी दोनदा चुकली, तेही सांगितलं नाही. वडील म्हणाले मी तेलाचा धंदा सांभाळतो. मी सांभाळत नाही, मला शाळेत शास्त्र शिकवायचं आहे, आणि हे मी वडिलांनाही अजून सांगितलेलं नाही, या कार्डानंतर सांगणार आहे. श्रावणात वीज गेली तेव्हा तुम्ही पाऊण तास पंप मारत होता. उठून तो हातात घ्यावा असं मला फार वाटलं. मोठी माणसं बसली होती म्हणून उठलो नाही. माशापेक्षा मला याची लाज जास्त वाटते.

राजकुंवरने कार्ड दोनदा वाचलं. घेवरापाशी ती हसली, हे पानबाईने पाहिलं. शेवटापाशी ती हसली नाही.

"यांना परत बोलवा, बाबूजी," ती म्हणाली. "एकट्यांना. आणि आत आम्ही दोघंच बोलू. तुम्ही बाहेर बसायचं."

"आणि मी काय करू बाहेर?"

"गप्प बसा," राजकुंवर म्हणाली.

पुढच्या रविवारी निर्मलकुमार एस.टी.ने एकटाच आला. बैठकीचं दार उघडं ठेवलं होतं, आणि त्या दोघांच्या मध्ये पाण्याचे दोन पेले सोडून काही नव्हतं. गौतमचंद आणि पानबाई ओट्यावर बसले. आतून आधी बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग राजकुंवरचा आवाज, मग निर्मलकुमारचा, मग दोघांचे एकदम. त्याचा आवाज चांगला मोठा होता. एकदा तो चक्क तिच्याशी वाद घालत होता. गौतमचंद तीनदा उठले आणि तीनदा पानबाईने त्यांना धोतराला धरून बसवलं. चाळीस लग्नं त्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासात पक्की केली होती. इथे दीड तास झाला तरी आतून काही निकाल येईना.

"इतकं बोलतात काय?" ते कुजबुजले.

"विचारत असतील एकमेकांना," पानबाई म्हणाली. ती सुपात तूर निवडत होती.

गौतमचंदांनीही सुपातला एक दाणा उचलून न्याहाळला. मग म्हणाले, "तुला तेव्हा कुणी विचारलं होतं?"

"काय?"

"मी चालतो का म्हणून."

पानबाईचा हात थांबला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. "मला कोण विचारणार?" ती म्हणाली. "मामांनी जुळवलं, मी बसले बोहल्यावर."

"पण विचारलं असतं तर?"

तिने सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "तर नाही म्हणाले असते."

गौतमचंदांना हे अपेक्षित नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले. "का?"

"बघायला आला होतात तेव्हा जेवताना सगळा वेळ तुम्ही एकटेच बोलत होता. माझ्याकडे एकदा बघितलं नाहीत. मी दारामागे उभी होते."

आत दोघं हसली. गौतमचंदांनी तिकडे मान वळवली नाही.

"मग?" त्यांनी विचारलं. "मग काय झालं असतं?"

"काय व्हायचंय? परत आला असतात, तर विचार केला असता," पानबाई म्हणाली आणि तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

"आलो असतो," गौतमचंद लगेच म्हणाले. "मी आलो असतो, पानबाई."